आकडे जुळले नाहीत म्हणजे फाईल बिघडलेली असते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण वेळ काढून मुद्देसूद प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. घरच्या संग्रहातील एचडीआर (उजेडाचा मोठा पल्ला असलेल्या) व्हिडिओ फायलींमधला डायनॅमिक मेटाडेटा, म्हणजे प्रसंगागणिक उजेड किती हे टीव्हीला सांगणारी आकड्यांची नोंद, वेगळा काढून तो चित्राच्या प्रत्यक्ष उजेडाशी ताडून पाहावा, असे मी लेखात सुचवले होते. त्यावर आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: मीडियाइन्फोमध्ये (फाईलचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) डॉल्बी व्हिजनची, म्हणजे असा मेटाडेटा वापरणाऱ्या एचडीआर पद्धतीची, नोंद दिसली आणि टीव्हीवर त्याचे चिन्ह उमटले की खातरजमा झाली, आपण स्वतः एफएफएमपेग या व्हिडिओ साधनाच्या सिग्नलस्टॅट्स फिल्टरने चित्रपटाची एक फाईल मोजली तेव्हा सर्वोच्च उजेड ६०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) आसपास भरला, मेटाडेटात मात्र तो १००० होता, स्टुडिओत तयार झालेल्या आकड्यांपुढे घरगुती मोजमापाला किंमत नाही, आणि अशा लेखांमुळे लोक चांगल्या फायलींवर विनाकारण संशय घेऊ लागतात.

शेवटची चिंता मलाही महत्त्वाची वाटते. परंतु हा संशय मोजण्यामुळे निर्माण होत नाही. दोन आकडे कशाचे आहेत हे न पाहता ते शेजारी शेजारी मांडले की तो निर्माण होतो, आणि आपल्या ६०० व १००० या आकड्यांच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे.

सिग्नलस्टॅट्समधला वायमॅक्स हा ल्यूमाचा, म्हणजे आधीच पीक्यू वक्रातून (निट्सचे सिग्नलच्या आकड्यात रूपांतर करणाऱ्या सूत्रातून) गेलेल्या लाल, हिरव्या व निळ्या मूल्यांच्या भारित बेरजेचा आकडा असतो. मॅक्ससीएलएल, म्हणजे संपूर्ण चित्रपटातील सर्वांत उजळ पिक्सेलचा आकडा, ठरवताना मात्र प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगमूल्यांपैकी जे सर्वांत मोठे तेच धरले जाते, आणि डॉल्बी व्हिजनच्या लेव्हल १ (मेटाडेटातील किमान, सरासरी व कमाल उजेडाची नोंद) मधील कमाल आकडाही अशाच सर्वांत मोठ्या रंगमूल्यावर आधारलेला असतो. टोकाचे उदाहरण घेऊ. बीटी.२०२० या रंगमानकातला निव्वळ निळा पिक्सेल आहे, त्याचे निळे मूल्य १००० निट्सच्या पातळीचे आहे आणि लाल व हिरवा शून्य आहेत. सर्वांत मोठे रंगमूल्य पाहिले तर तो पिक्सेल १००० चा ठरतो. त्याची खरी दीप्ती काढली तर निळ्याचा भार ०.०५९३ असल्यामुळे ती सुमारे ५९ निट्स भरते. आणि ल्यूमाचा आकडा घेऊन तोच पीक्यूच्या सूत्रातून निट्समध्ये उलटवला तर उत्तर ०.०५ निट्सच्या आसपास येते. पिक्सेल एकच आहे, गणित तिन्ही वेळा अचूक आहे, फक्त प्रश्न तीन वेगळे आहेत. आपल्या चित्रपटातील सर्वांत प्रखर वस्तू ज्वाळा, दिवे किंवा रंगीत पाट्या असतील, तर ल्यूमावरून ६०० आणि रंगमूल्यावरून १००० येण्यात काहीच वावगे नाही. मापन करायचेच तर तीन रंगांत उलगडलेल्या चित्रावर करावे. मॅडव्हीआर या व्हिडिओ प्रोग्रॅमचे मापन त्या दृष्टीने अधिक सोयीचे पडते.

सरासरीच्या बाबतीत घोळ याहून मोठा होतो. अर्धी फ्रेम पूर्ण काळी आणि अर्धी १००० निट्सची आहे असे समजा. प्रकाशाची सरासरी ५०० निट्स, आणि मॅक्सएफएएलएल (सर्वांत उजळ फ्रेमची सरासरी) याच पद्धतीने निघतो. पण लेव्हल १ मधली सरासरी पीक्यू मूल्यांची असते. १००० निट्सचे बारा-बिटी (० ते ४०९५ मधले) पीक्यू मूल्य ३०७९, त्याचे अर्धे साधारण १५३९, आणि १५३९ म्हणजे जेमतेम २५ निट्स. ज्याला हे ठाऊक नाही तो ५०० आणि २५ पाहून फाईल टाकून देईल. शिवाय लेव्हल १ चे आकडे पुष्कळदा संपूर्ण शॉटसाठी एकच असतात, त्यामुळे फ्रेमगणिक मोजलेला वक्र त्यांच्याभोवती वरखाली होणारच. अनेक फायलींत अगदी काळोख्या प्रसंगातही कमाल आकडा २०८१ च्या, म्हणजे १०० निट्सच्या खाली उतरत नाही. तो मापनातला दोष नसून मुद्दाम ठेवलेला तळ असतो. उलट दिशेनेही फरक पडतो, कारण कॉम्प्रेशनमुळे प्रखर कडांवर एखाददुसरा पिक्सेल मूळ चित्रापेक्षा जास्त उजळ होतो आणि तेवढ्यानेच मोजलेला उच्चांक वर जातो.

आता आपल्या मुख्य आक्षेपाकडे येतो. आकडे स्टुडिओतून आले हे मान्य, पण ते ज्या चित्रासाठी काढले होते तेच चित्र आपल्या फाईलमध्ये आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. मीडियाइन्फो आणि टीव्हीवरचे चिन्ह एवढेच सांगतात की मेटाडेटा फाईलमध्ये उपस्थित आहे. पन्नासाव्या मिनिटाच्या फ्रेमला पन्नासाव्या मिनिटाचाच आकडा जोडलेला आहे की नाही, याची चौकशी त्यांपैकी कोणीच करत नाही.

एका आवृत्तीतला मेटाडेटा दुसऱ्या आवृत्तीच्या चित्रात बसवताना आरंभीच्या काळ्या फ्रेम्स कमी-जास्त झाल्या, तर सगळे आकडे सरकतात. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या चित्रपटात २४ फ्रेम्सचा सरक म्हणजे पुरा एक सेकंद. पात्र अंधाऱ्या बोगद्यातून उन्हात येते, तो शॉट बदलतो, पण टीव्हीला अजून बोगद्याचाच कमाल आकडा मिळत असतो. तो त्या हिशेबाने उजेड बसवतो, आकाशातले तपशील जळून जातात आणि सेकंदभराने चित्र एकदम सावरते. टीव्ही स्वतःच भरपूर प्रखर असेल तर हे जाणवणारही नाही, आणि म्हणूनच केवळ डोळ्यांवर विसंबणे मला अपुरे वाटते.

काळ्या पट्ट्यांचेही तसेच आहे. ३८४० बाय २१६० च्या फ्रेममध्ये २.३९ च्या प्रमाणाचे चित्र असेल तर वर आणि खाली सुमारे २७६ ओळी काळ्या असतात, आणि मेटाडेटाच्या लेव्हल ५ मध्ये त्यांची नोंद असते. पट्ट्या कापून पुन्हा एन्कोड केलेल्या फाईलमध्ये ती नोंद शून्य करायला हवी; ती तशीच राहिली तर टीव्हीला पाठवलेली चित्राची सीमा चुकीची ठरते. मापन करतानाही पट्ट्या धरल्या तर फ्रेमचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग काळा म्हणून मोजला जातो आणि सरासरी तेवढी घसरते.

याहून अवघड बाब प्रोफाईल ७ ची, म्हणजे ब्ल्यू-रे डिस्कवरच्या डॉल्बी व्हिजन प्रकाराची, आहे. ब्ल्यू-रे डिस्कवर मूळ थराबरोबर एक पूरक थर असतो, आणि काही डिस्कवर तो पूरक थर चित्राचा उजेड खरोखर वाढवतो. अशा डिस्कवरून प्रोफाईल ८.१ ची, म्हणजे एकाच थराची, फाईल बनवताना पूरक थर टाकून दिला जातो, पण लेव्हल १ चे आकडे पूर्ण चित्रासाठी काढलेले तसेच राहतात. मेटाडेटा हजारो निट्स सांगतो आणि उरलेले चित्र १००० च्या पुढे जातच नाही. तेव्हा टीव्ही नसलेल्या उजेडासाठी जागा राखून ठेवतो आणि चित्र उगाच मंद दिसू शकते. मेटाडेटा अस्सल स्टुडिओचाच असतो, तरीही तो या चित्राचा नसतो. ही गोष्ट मोजल्याखेरीज कळण्याचा मार्ग मला दिसत नाही.

आपण आयफोनवर घेतलेल्या घरच्या व्हिडिओंचाही दाखला दिला आहे. २०२० च्या आयफोन १२ पासून हे चित्रण डॉल्बी व्हिजन प्रोफाईल ८.४ मध्ये होते आणि त्याखालचे चित्र एचएलजी या दुसऱ्या एचडीआर पद्धतीचे असते. एचएलजीमध्ये पीक्यूसारखे निरपेक्ष निट्स नसतात. ७५ टक्के सिग्नल म्हणजे २०३ निट्स हे १००० निट्सचा पडदा गृहीत धरल्यावरच खरे. म्हणून अशा फाईलचे मोजमाप सांगताना गृहीत धरलेला पडदाही सांगावा लागतो. मात्र अशी फाईल संपादित करून पुन्हा एन्कोड केली असेल, तर निट्सच्या आधी मेटाडेटा उरला आहे का तेच पाहावे, कारण तो या टप्प्यावर अनेकदा गळून पडतो.

आपल्या चित्रपटाच्या फाईलपुरते सांगायचे तर, डोव्हीटूल या साधनाने आरपीयू, म्हणजे डॉल्बी व्हिजनचा मेटाडेटा, वेगळा काढावा, त्यातील फ्रेम्सची संख्या व्हिडिओतील फ्रेम्सशी ताडावी, आणि त्याच साधनाने काढलेला आलेख मापनाच्या आलेखावर ठेवून पाहावा. एचडीआर१०+ या दुसऱ्या पद्धतीचा डायनॅमिक मेटाडेटा असेल तर एचडीआर१०प्लसटूलने त्याची जेसन फाईल काढून हेच करता येते. आलेखांची उंची थोडी वेगळी असली तरी चालेल, पण शॉट बदलतो तिथे दोन्हींच्या पायऱ्या एकाच फ्रेमवर पडायला हव्यात. पायऱ्या जुळल्या आणि फरक फक्त प्रखर रंगीत प्रसंगांतच दिसला, तर फाईल निर्धास्तपणे ठेवावी. मेटाडेटाचा वक्र उजळ प्रसंगांत सातत्याने कितीतरी वर राहत असेल, तर मूळ डिस्कवर पूरक थर कोणत्या प्रकारचा आहे ते तपासावे. दोन्ही आलेख पाठवलेत तर मी ते अवश्य पाहीन, आणि मापन ल्यूमावर केले की रंगमूल्यांवर, तेवढे सोबत लिहावे.