कृष्णा रेड्डींच्या प्रिंटबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

जळगाव-धुळ्याच्या ड्रॉइंग टीचर लोकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की छापचित्रकार (प्रिंटमेकर) कृष्णा रेड्डींचे प्रिंट म्हणजे पेंटिंगचा फोटो काढून मशीनवर छापलेल्या कॉप्या. भाऊ, असं अजिबात नाहीये. त्या प्रिंटमागे कुठलंही पेंटिंग नसतं, मूळ काम म्हणजे कोरलेली धातूची प्लेट, तिच्यावर शाई लावूनच कागदावर छाप घेतात. रेड्डी शांतिनिकेतनात शिकले, पुढे पॅरिसला प्रिंटमेकर हेटर यांच्या अतेलिए १७ या स्टुडिओत आले, तिथे एकाच प्लेटवर अनेक रंग घ्यायची व्हिस्कॉसिटी (म्हणजे शाईचा घट्ट-पातळपणा) पद्धत विकसित झाली आणि त्यात रेड्डींचा वाटा फार मोठा आहे. आधी प्लेट वेगवेगळ्या खोलीवर कोरायची, मग एका शाईत जवसाचं तेल जास्त घालून ती पातळ करायची, दुसरी घट्ट ठेवायची, पातळ शाई कडक रोलरने फक्त वरच्या भागावर बसते, घट्ट शाई मऊ रोलरने खालपर्यंत उतरते आणि पातळ शाई जिथे आहे तिथे ती चिकटतच नाही! म्हणून रंग शेजारी राहतात, कालवले जात नाहीत. रेड्डींचं १९६३ चं 'व्हर्लपूल' हे प्रिंट झूम करून बघा. प्रत्येक प्रिंटसाठी शाई नव्याने हाताने लावावी लागते, त्याला कॉपी म्हणणं अन्याय आहे. पोरांना शिकवणाऱ्यांनी तरी हा मेसेज पुढे पाठवू नका.