घातपाती घरच्या घरी

मालक, तुमच्या टॉवेलच्या कारखान्याची काळजी वाटते. कामगार वेळेवर येतात, धागा तुटला की न सांगता माग थांबवून गाठ मारतात, जाताना दिवेसुद्धा बंद करतात. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अशानं तुमचं नाव कसं व्हायचं? शेजारी बघा, काय एकेक घातपाती तयार केलेत! तुम्हालाही जमेल. मन तेवढं घट्ट करा.

फ्रेंचमध्ये लाकडी जोड्याला साबो म्हणतात, त्यावरून घातपाताला सॅबोटाज हा इंग्रजी शब्द मिळाला. कामगार तो जोडा यंत्रात फेकायचे ही बहुधा दंतकथा. आपल्याकडे चपला शेडच्या दाराशीच निघतात, तेव्हा तिकडून धोका नाही. खरी विद्या 1944 सालची. महायुद्ध चालू असताना ओएसएस या अमेरिकेच्या हेरखात्यानं शत्रूच्या मुलखातल्या साध्या नोकरदारांसाठी एक पुस्तिका काढली. बाँब नको, पिस्तूल नको. प्रत्येक काम रीतसर मार्गानंच जाऊ द्या, विषय समितीकडे सोपवा, समिती होईल तेवढी मोठी करा, पाचाखाली तर नाहीच. निकम्म्याला बढती द्या आणि चांगल्या कामगाराच्या कामात उगाच खोट काढा. म्हणजे उत्पादन बसतं. ती माणसं जीव मुठीत धरून हे करायची. तुमचा पुतण्या सुपरवायझर झाल्यापासून आपल्याकडे पगारी चालू आहे.

आता मजुरीचं बघू. जुन्या साध्या मागाला ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटलेला कळत नाही. कामगाराच्या डोळ्यालाच कळतो. त्यानं माग थांबवला तर टॉवेल वाचतो, नाही थांबवला तर टॉवेलभर रेघ उमटते. तुम्ही मजुरी नगावर देता, म्हणजे गाठ मारण्यात गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो. ही तजवीज फार सुंदर आहे, तिला हात लावू नका. वर परवा ज्यानं माग थांबवला त्याला सगळ्यांदेखत विचारा, "झोप लागली होती का बे?" पुढच्या वेळी त्याला धागा दिसेल, पण तो बघणार नाही. त्यानं काही केलंच नाही, तर पकडणार कशात? ह्याहून सफाईदार घातपात मला माहीत नाही.

मजुरी कापायची वेळ आली तर कारण सांगत बसू नका. 1990 साली जेराल्ड ग्रीनबर्ग नावाच्या संशोधकानं एका अमेरिकन कंपनीच्या कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन ठिकाणी दहा आठवडे 15 टक्के पगार कापला होता. एकीकडे कारणं नीट समजावली, दिलगिरी दाखवली. दुसरीकडे थोडक्यात गुंडाळलं. चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण गुंडाळलं तिथं कितीतरी जास्त. पगार पूर्ववत झाला तशा चोऱ्याही उतरल्या, हे मात्र आपल्या दृष्टीनं वाईट. म्हणून एकदा कापलेलं परत देऊ नका.

किरकोळ गोष्टीही असतात. मे महिन्यात पारा 42 वर गेला की केबिनमध्ये एसी लावा. शेडमध्ये पंखा लावला तर सूत उडतं म्हणायचं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी मागितली तर "बघू" म्हणा. नाही म्हणू नका, नाही म्हटलं तर माणूस निदान भांडून मोकळा होतो. मागांच्या खडखडाटात तुमच्याबद्दल तेलुगूत काही बोललं जाईल. तुम्हाला तेलुगू चांगलं येतं, तरी ऐकू आलं नाही असं दाखवा.

एवढं केलंत की दिवाळीआधी मुंबईचा व्यापारी रेघा पडलेल्या टॉवेलांचे गठ्ठे परत पाठवेल. लगेच चौकशी समिती नेमा. तुम्ही, पुतण्या, अकाउंटंट, मेहुणे आणि सूत देणारा दलाल, पाच झाले. मागावरच्या कुणाला घेऊ नका. तो पहिल्याच बैठकीत कारण सांगून टाकेल, आणि मागवलेला चहा वाया जाईल.