शनिवारवाड्याचे शंभर मीटर

शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरांच्या बांधकामबंदीवरून पुण्यात वाद पेटला की तो आमच्या नात्यागोत्यात आणि शाळेच्या मित्रांतही पोहोचतो, आणि दर वेळी त्याच दोन बाजू ऐकाव्या लागतात. पडके वाडे कवटाळून बसल्यामुळे शहर मागे पडले, सगळे पाडून टॉवर उभारा, असे एक बाजू म्हणते. ऐतिहासिक वास्तूच्या आसपास नवी वीटसुद्धा नको, असे दुसरी म्हणते. मी काही लिहिले की दोघेही एक होतात आणि लंडनमध्ये बसून सल्ले देणे सोपे असते, असे मला सुनावतात. त्या टोमण्यापेक्षा मला चीड येते ती दोघांनी न बोलता मान्य केलेल्या एका गोष्टीची: जुने आणि नवे शेजारी नांदूच शकत नाही, असे दोघांनीही धरून ठेवले आहे.

रविवारी सकाळी लंडनच्या सिटीत, म्हणजे जुन्या शहराच्या कचेऱ्यांच्या भागात, शुकशुकाट असतो, तेव्हा मी ऑल्डगेटला उतरून चालू लागतो. सेंट मेरी ॲक्सच्या कोपऱ्यावर सेंट अँड्र्यू अंडरशाफ्ट हे सोळाव्या शतकातले चर्च आहे. १६६६ च्या आगीतून ते वाचले आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातूनही वाचले. त्याच्या मनोऱ्याच्या खडबडीत दगडामागे १८० मीटर उंचीच्या, २००४ साली खुल्या झालेल्या गर्किन या टॉवरची काच चमकते. रस्ता ओलांडून थोडे पुढे गेले की १८८१ चे लेडनहॉल मार्केट लागते. त्याच्या रंगवलेल्या लोखंडी कमानींखालून बाहेर पडताना मान वर केली की लॉइड्स या विमाबाजाराच्या इमारतीचे स्टीलचे पाइप आणि भिंतीबाहेर काढलेले जिने दिसतात. ही इमारत १९८६ ची. पंचवीस वर्षांतच, म्हणजे २०११ साली, तिला ग्रेड वनचे, म्हणजे वारसा इमारतींच्या सर्वांत वरच्या श्रेणीचे, संरक्षण मिळाले. जे काल नवे होते त्यालाही जपण्याच्या लायकीचे मानणारे शहर नव्याला घाबरत नाही.

माझा मुद्दा मात्र जिच्यावर उभा आहे ती इमारत समोरच आहे. चीजग्रेटर म्हणून ओळखला जाणारा हा सव्वादोनशे मीटर उंचीचा टॉवर एका अंगाने तिरका कापत वर नेला आहे, कारण फ्लीट स्ट्रीटवरून चालणाऱ्याला सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसतो आणि त्या दृश्यात टॉवरने घुसू नये, अशी अट होती. घुमटाभोवतीच्या उंचीचे नियम १९३० च्या दशकापासून आहेत. रिचमंड पार्कातल्या एका टेकाडावरून, पंधरा किलोमीटरहून जास्त अंतरावरून दिसणारा घुमटही जपलेल्या दृश्यांत मोडतो. म्हणजे इथे माणसाला कुठून काय दिसते, हे आधी ठरते आणि बांधकाम त्याप्रमाणे वळते.

आपल्याकडे प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत नवे बांधकाम बंद केले आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत ते परवानगीच्या अधीन ठेवले. जुन्या घराच्या डागडुजीला परवानगी मिळू शकते, पण पडलेल्या वाड्याच्या जागी नवे घर उभे राहू शकत नाही. त्याच्या जोडीला १९४७ पासूनचा भाडेनियंत्रण कायदा, त्याने गोठवलेली नाममात्र भाडी आणि त्या भाड्यात कौलेही शाकारू न शकणारा मालक. माझ्या मावशीचा वाडा याच शंभर मीटरांत आहे. तिच्या ओसरीवरच्या सागवानी तुळईला लोखंडी टेकू लागला आहे, चौकावर निळी ताडपत्री आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटते. या नियमाने शनिवारवाड्याचे कोणते सौंदर्य राखले, हे मला कुणी समजावून सांगावे.

लंडनकडे पैसा आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. वाडा सावरायला पैसा लागतो, हे खरेच. पण चांगला नियम लिहायला पैसा लागत नाही. आणि लंडन जन्मतः शहाणे नव्हते. युस्टन स्टेशनासमोरची १८३७ ची कमान त्यांनी विरोध डावलून १९६१–६२ मध्ये पाडली. तो सल इतका खोल गेला की जतनाच्या चळवळीला त्यातूनच बळ मिळाले, आणि १९६७ साली संरक्षित विभागांचा कायदा आला. त्याच १९६१ च्या १२ जुलैला पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे वाहून गेले. आपण त्या पुराच्या आठवणी अजून सांगतो, पण उरलेल्या वाड्यांसाठी तेवढ्या तळमळीने काही केले नाही. मुंबईने १९९५ सालीच वारसा नियमावली केली. तेव्हा हे आपल्याला जमणारच नाही, असेही नाही.

एक गोष्ट मी इथे राहूनच शिकलो. सिटीतले बेव्हिस मार्क्सचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १७०१ चे आहे. शेजारच्या नियोजित टॉवरने आपला उजेड अडेल म्हणून तिथले भाविक लढत आले आहेत. ती बातमी मी वाचतो, त्यांची बाजू मला पटते, आणि मी पुढच्या बातमीकडे वळतो. मावशीच्या दारावरच्या नोटिशीचा फोटो आला की मात्र दिवसभर कामात लक्ष लागत नाही. इथे मी कौन्सिल टॅक्स भरतो, मत देतो, गल्लीबोळ पायी ओळखतो, तरी या शहराचे काही बिघडले तर ते माझ्या जिव्हारी लागत नाही. ‘तू परत येऊन वाड्यात राहणार आहेस का?’ असे मावशीने विचारले तेव्हा मी नाही म्हणालो. पण राहणार नसलेल्याला बोलण्याचा हक्क नाही, हे मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. नव्या पुलावरून, म्हणजे शिवाजी पुलावरून, उतरताना आणि दिल्ली दरवाजासमोरच्या पटांगणातून पाहताना शनिवारवाड्याच्या तटामागे काय दिसावे आणि काय दिसू नये, हे आधी ठरवावे. मग आजूबाजूच्या वाड्यांना दोन मजले द्यायचे की तीन, हा हिशेब कोणताही आर्किटेक्ट करून देईल. या मागणीखाली पुण्यात न राहणाऱ्याची सही चालणार नसेल तर मावशीची चालेल; माझे तिच्याशी बोलणे झाले आहे आणि ती सही करायला तयार आहे.