उशीर झालेल्यांचं काय?
'टाचेमागची शीर तुटली की ऑपरेशनच' असं लेखात लिहिलंय ते पटलं नाही (शीर म्हणजे रक्ताची नाही, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर, अकिलीस टेंडन). नॉर्वेचा 526 पेशंटचा अभ्यास 2022 ला छापून आला, त्यात वर्षभरानं ऑपरेशनवाले अन् बिगर-ऑपरेशनवाले जवळपास सारखेच निघाले, फक्त शीर परत तुटायचं प्रमाण बिगर-ऑपरेशन 6.2 टक्के अन् ऑपरेशनवाल्यात 0.6.

पण हे ताज्या दुखापतीचं झालं. माझ्या भावाची परभणीत कबड्डी खेळताना तुटली, मागून कुणी लाथ मारली असं वाटलं म्हणला, आम्ही लचक समजून दोन महिने मालिशच करत बसलो, तोवर टोकं इतकी दूर सरकली की नुसते टाके चालेनात, पायाचा अंगठा वाकवणारी शीर टाचेत बसवावी लागली. पालथं झोपवून पोटरी दाबायची, पाऊल हललं नाही तर शीर तुटली समजून त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडे न्यायचं, एवढं तरी लेखात पाहिजे होतं.