‘तीन वर्षं मिळतातच’ म्हणणाऱ्या पालकांना

‘एक पालक, बाणेर’ यांस,

मागच्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली आणि ठरवलं की दोन ओळींत उत्तर देण्यापेक्षा स्वतंत्रच लिहावं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत एमएसला जाणाऱ्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाचं गणित मांडताना ओपीटीची, म्हणजे पदवीनंतर काम करण्याच्या परवानगीची, तीन वर्षं आधीच जमेला धरू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण म्हणता: “अर्धवट माहितीवर पालकांना घाबरवणं बंद करा. ओपीटी हा विद्यार्थ्यांचा हक्क आहे, इंजिनिअरिंगच्या मुलांना तीन वर्षं मिळतातच. पहिल्या वर्षी बिनपगारी कामही चालतं, ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. माझ्या भाच्याने तेवढ्या काळात सगळं कर्ज फेडलं. आणि इथे राहून तरी चार लाखांच्या पॅकेजवर काय करायचं? स्वतःला परत यावं लागलं की द्राक्षं आंबटच लागणार.” शेवटी हात जोडलेला इमोजी.

इमोजीबद्दल आभार.

मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण ‘सोयीस्करपणे’ म्हणजे काय? यात माझी सोय कोणती? माझं एफसी रोडवर ऑफिस नाही, मी कुठल्या विद्यापीठाची एजंट नाही, आणि रविवारी सल्ला विचारायला घरी येणाऱ्या मुलांकडून मी एक रुपयाही घेत नाही. मुलं अमेरिकेला गेली काय आणि न गेली काय, मला त्यातून काही मिळत नाही. लेखात चूक असेल तर ओळ दाखवा, मी दुरुस्त करते. हेतूवर बोट ठेवायचं आणि वर हात जोडायचे, ही कुठली रीत?

बिनपगारी कामाचा मुद्दा मात्र मान्य. पहिल्या बारा महिन्यांत आपल्या विषयाशी संबंधित काम आठवड्याला किमान २० तास केलं तर ते बिनपगारी असलं तरी नोकरीविना राहण्याची जी मर्यादा असते तिच्यात ते दिवस मोजले जात नाहीत. ते लेखात यायला हरकत नव्हती. फक्त लेख कर्जफेडीवर होता, आणि बिनपगारी कामातून हप्ता कसा भरतात हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या मुलांना मिळणाऱ्या वाढीव मुदतीत तर तीही सोय नाही, तिथे पगार लागतोच.

आता द्राक्षं. मे २००९ मध्ये मी मेकॅनिकलमध्ये एमएस झाले. ज्यांना मंदीचं ते वर्ष आठवतं त्यांना जास्त सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २००८ मध्ये, अमेरिकेने एकाच नियमात दोन गोष्टी आणल्या होत्या: स्टेमवाल्यांना १७ महिन्यांची मुदतवाढ आणि नोकरीविना राहण्यावर एकूण ९० दिवसांची मर्यादा. आमच्या सगळ्या ग्रुपला पहिली गोष्ट तोंडपाठ होती. दुसरी मला आमच्या डीएसओबाईंनी, म्हणजे विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या बाईंनी, सांगितली, तेव्हा ऑफर लेटर हातात नव्हतं. मग प्राध्यापकांच्या लॅबमध्ये बिनपगारी काम धरलं. हो, तेच, जे मी ‘सोयीस्करपणे गाळलं’! दिवसा लॅब, रात्री नोकरीचे अर्ज, आणि इकडे कोथरूडच्या फ्लॅटवर काढलेल्या कर्जाचं व्याज बाबा त्यांच्या पगारातून भरत होते. पुढे नोकरी लागली, चांगली लागली. पण कंपनीची ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का ते तपासण्याच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेत, नोंदणी नव्हती आणि वाढीव मुदतीसाठी ती सक्तीची होती, आजही आहे. मालकांना विनंती केली. एका माणसासाठी एवढी कटकट कशाला, असं उत्तर आलं. कामाच्या परवान्याच्या कार्डावरची तारीख संपली आणि मी पुण्याला परतले.

याला आपण आंबट द्राक्षं म्हणता. म्हणा. गोष्टीतल्या त्या कोल्ह्याने निदान उड्या तरी मारल्या होत्या. आपण खाली बसून भाच्याचं सांगताय.

राहता राहिलं ते ‘हक्क’ आणि ‘मिळतातच’. ओपीटी म्हणजे सदाशिव पेठेतली वडिलोपार्जित खोली नव्हे, की वारसाने नावावर होईल. आजच्या स्वरूपातली ओपीटी १९९२ सालच्या प्रशासकीय नियमातून आली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, तिच्यासाठी वेगळा कायदा केलेला नाही. नियम सरकार करतं आणि सरकार बदलूही शकतं. ती १७ महिन्यांची मुदतवाढच बघा. लोकांची मतं न मागवता केली म्हणून २०१५ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. सरकारला नवा नियम करायला अवधी मिळाला, मे २०१६ मध्ये २४ महिन्यांचा नियम लागू झाला, म्हणून आज आपण ‘तीन’ म्हणू शकतो. तोवर तिथे असलेल्या मुलांनी ते महिने कसे काढले असतील, जरा विचार करा. त्यानंतरही अमेरिकी तंत्रज्ञांच्या एका संघटनेचा ओपीटीविरुद्धचा दावा वरपर्यंत गेला. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ओपीटी उचलून धरली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आज ती शाबूत आहे, हे आनंदाने मान्य. पण जिच्यासाठी इतक्यांदा कोर्टात जावं लागतं तिच्यावर घर तारण ठेवायचं?

आणि ‘इंजिनिअरिंगच्या मुलांना तीन वर्षं’ असं एकगठ्ठा मिळत नाही हो. आधी बारा महिने. मग आय-ट्वेंटीवरचा, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरचा, अभ्यासक्रमाचा कोड स्टेमच्या यादीत असेल, कंपनी ई-व्हेरिफायमध्ये असेल आणि तिने आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरून सही केली असेल, तर पुढचे २४. बेकारीचे ९० दिवस कार्डावरच्या तारखेपासून मोजायला लागतात, नोकरी लागेपर्यंत कुणी थांबत नाही. स्टेमची मुदतवाढ मिळाली की त्यात आणखी ६० येतात, म्हणजे सगळे मिळून १५०. त्यापुढे गेलं तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. शिकत असतानाच पूर्णवेळ सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने काम केलं असेल तर त्या पदवीवर ओपीटी मुळीच नाही. ही शेवटची अट तर कित्येक मुलांना ठाऊकच नसते, आणि नेमकी तीच मुलं लवकर कमवायच्या घाईत असतात.

त्या तीन वर्षांनंतर काय? एच-वन-बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, लॉटरी. वर्षाला ६५,०००, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. २०२४ च्या मार्चमध्ये नोंदण्या झाल्या पावणेपाच लाखांवर. तीन वर्षांत तीन वेळा नाव टाकता येतं, हे खरंच. पण ‘तीनदा नाव टाकता येईल’ हे बँकेच्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं?

यात घाबरवण्यासारखं काय आहे? जे आहे ते लिहिलंय. घाबरायचं की तयारी करायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बाकीचे मुद्दे. भाच्याचं मनापासून अभिनंदन. त्याचं वर्ष कोणतं, शाखा कोणती, कर्ज किती, यातलं काहीच आपण लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलता येत नाही. चार लाखांच्या पॅकेजचा विषय वेगळा आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

आपल्या घरातलं कुणी येत्या मेमध्ये पास होणार असेल तर एवढं करा. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, संपल्यावर ६० दिवसांच्या आत तो पोचावा लागतो, आणि डीएसओने सिस्टममध्ये शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांत गेला पाहिजे. ही तिसरी मुदत लोक विसरतात. कार्ड हातात येऊन त्यावरची तारीख उजाडेपर्यंत एक तासही काम करायचं नाही, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

आणि पुढच्या वेळी नाव लिहा. ‘एक पालक’ बाणेरमध्ये पुष्कळ आहेत, मला कुणाशी बोलते आहे ते कळू दे. निनावी प्रतिक्रिया यापुढे मी प्रसिद्ध करणार नाही. ही केली, कारण काढून टाकली असती तर तेही ‘सोयीस्करपणे’च झालं असतं.