फ्लोरेन्स सहकुटुंब एका दिवसात कसे उरकावे

फ्लोरेन्स सावकाश पाहावे, असे सांगणाऱ्या मंडळींबरोबर सहसा आईवडील, सासूबाई, दोन मुले आणि दशम्यांचा डबा नसतो. त्यामुळे त्यांचा सल्ला आपण मनावर घेऊ नये. आपले काल रोम झालेले आहे, उद्या व्हेनिस व्हायचे आहे आणि मधल्या एका दिवसात युरोपचा सगळा प्रबोधनकाळ सात माणसांच्या नजरेखालून घालायचा आहे. काम अवघड वाटले तरी नियोजन चोख असेल, तर फारसे काही न पाहताही सर्व काही झाल्याचे समाधान पदरात पडते.

पहिला प्रश्न वाराचा. उफिझी कलादालन आणि मायकेलअँजेलोचा मूळ ‘डेव्हिड’ जेथे आहे ती अकादेमिया, ही दोन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. सबब फ्लोरेन्ससाठी सोमवारासारखा वार नाही. तिकिटांचे पैसे वाचतात, रांगा टळतात आणि ‘नेमके बंद होते हो, नाहीतर पाहणारच होतो’ हे वाक्य पुढे कित्येक वर्षे कामी येते. डेव्हिडवाचून काही अडतही नाही. मूळ पुतळा १८७३ मध्ये आत हलवला गेला आणि पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या चौकात त्याच्या जुन्या जागी १९१० पासून प्रतिकृती उभी आहे. तिच्यासमोर उभे राहण्याचे पैसे कोणी मागत नाही. पाच मीटरांहून उंच असा हा तरुण अंगावर सूतही न ठेवता उभा असल्यामुळे छायाचित्रात सासूबाईंना नेमके कोठे उभे करायचे, एवढे मात्र आधी ठरवून ठेवावे. वडिलांनी ही संधी साधून चिरंजीवांना ऐकवावे की हा संगमरवराचा दगड आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडून दिलेला होता, कित्येक वर्षे तो आवारात पडून होता आणि १५०१ मध्ये मायकेलअँजेलोने त्याला हात घातला तेव्हा त्याचे वय अवघे २६ होते. चिरंजीव मोबाइलमध्ये पाहत असले तरी हरकत नाही. येथून त्यांच्या नोकरीचा विषय आपोआप निघतो आणि पुढचा अर्धा तास कोणालाही पुतळ्याकडे पाहावे लागत नाही.

दुओमो, म्हणजे इथले मुख्य चर्च, त्याच्या घुमटाचा निर्णय मात्र घराण्याच्या प्रतिष्ठेचा असल्याने तो उंबरठ्यावरच घ्यावा. वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, चाळीस लाखांहून अधिक विटांचा हा घुमट चढवला. वर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागते, पण ती राखून ठेवणे हा उतावळेपणा झाला. त्यापेक्षा दारात जाऊन, आम्ही किती लांबून आलो आहोत, हे पहारेकऱ्याला मोठ्या आवाजात समजावून सांगावे, म्हणजे भाषेची अडचण येत नाही. एवढे करूनही चुकून जागा मिळालीच, तर सिंहगड चढलेल्या माणसाला ४६३ पायऱ्यांचे काय कौतुक, असे म्हणत वडिलांना पुढे घालावे. घुमटाच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन कवचांमधल्या त्या अरुंद बोळात, जेथे माणूस तिरका होऊन चढतो आणि मागच्या माणसाचा श्वास मानेवर लागतो, तेथेच त्यांना दम खाण्यासाठी थांबावेसे वाटेल. मागे खोळंबलेली रांग वडीलधाऱ्यांचा मान राखायला शिकेल. बाजूच्या भिंतीत उभ्याआडव्या विणीने बसवलेल्या विटा दिसतात आणि घुमटाला आधाराविना तोलण्याची सगळी युक्ती त्या विणीत आहे, परंतु त्या वेळी आपले लक्ष खिशातल्या रक्तदाबाच्या गोळीकडे असणे अधिक योग्य.

आईंचे गुडघे दुखतात. तेव्हा त्यांना न विचारता, त्या खाली सामान सांभाळतील, असे परस्पर ठरवून टाकावे आणि सर्व पिशव्यांसह त्यांना दुओमोसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या पूर्वेकडील दारासमोर सोडावे. मूळ दार संग्रहालयात असले तरी शिल्पकार गिबेर्तीच्या त्या दहा सोनेरी चौकटींची प्रतिकृती तेथे बसवलेली आहे आणि तासभर तिच्याकडे पाहण्यावाचून त्यांना दुसरा उद्योग राहणार नाही. सायंकाळी त्या ‘अरे, एका चौकटीत तो म्हातारा मुलावर सुरी उगारून उभा आहे, अगदी आपल्या चिलया बाळासारखं, आणि वरून देवदूत येतो’ असे काहीतरी सांगू लागतील. तेव्हा ताबडतोब विषय बदलावा. आपल्यापैकी दुसऱ्या कोणी फ्लोरेन्समध्ये काही नीट पाहिलेलेच नसल्याने संभाषण एकतर्फी होण्याचा धोका असतो.

सोमवार साधला नाही, तर उफिझीत जावेच लागेल. फ्लोरेन्सवर सत्ता गाजवलेल्या मेदिची घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुईझा हिने १७३७ मध्ये करार करून घराण्याचा सगळा कलासंग्रह शहराबाहेर नेता येणार नाही अशी तजवीज केली, आणि परदेशी लोकांचे कुतूहल जागे व्हावे, हाही हेतू त्यात लिहून ठेवला. त्या बाईंचा मान राखण्यासाठी बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’ या चित्राकडे पाठ करून, मोबाइल उंच धरून, सहकुटुंब हसावे आणि बाहेर पडण्याचा मार्ग विचारावा.

जेवणाविषयी थोडक्यात. तोस्काना या फ्लोरेन्सच्या प्रांतातला पाव अळणीच करतात. तरीही वडिलांनी दर वेळी वेटरला बोलावून, मीठ घालायला विसरलात, हे लक्षात आणून द्यावे. घेवड्याचे दाणे, गडद हिरवी पालेभाजी आणि शिळा पाव घालून शिजवलेला रिबोल्लिता नावाचा पदार्थ आपल्या मंडळींना सहज रुचेल, म्हणूनच तो मागवू नये. पिझ्झा मागवावा, नंतर त्यात काही नव्हते असे म्हणावे आणि दशम्यांचा डबा टेबलाखाली उघडावा.

पोंते वेक्किओ हा १३४५ चा पूल खरेदीसाठी राखून ठेवावा. पूर्वी त्यावर खाटकांची दुकाने होती; १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फेर्दिनांदोने ती हटवून सोनारांना जागा दिली. येथे काहीही विकत न घेता प्रत्येक दुकानात जळगावच्या भावाशी तुलना करण्यात दीड तास घालवल्यास, पुलाखालून आर्नो नदी वाहते, याचा पत्ताही लागत नाही.

कासीने उद्यानाकडे मात्र चुकूनही फिरकू नये. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात वारले. तेव्हा ते ऐन विशीत होते, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. ख्रिस्ती शहराच्या दृष्टीने ती मोठी अनोखी गोष्ट होती. त्या जागी १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला गेला. छत्रीची रचना इंग्रज वास्तुविशारद मेजर मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. शेजारच्या पुलाला फ्लोरेन्सचे लोक आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. तथापि तेथे रांग नाही, तिकीट नाही, चुंबक विकणारा नाही, आणि आपल्या यादीतही ते नाही. त्याअर्थी तेथे पाहण्यासारखे काही नसावे, असे समजून आपण तो वेळ पिसाच्या मनोऱ्याला तळहाताने टेकू देण्यासाठी वापरावा.

राहता राहिला वाहनाचा मुद्दा. सात माणसे म्हणजे मोठी गाडी भाड्याने घेणे ओघानेच आले, आणि आईंचे गुडघे पाहता ती थेट दुओमोपर्यंत नेणे हे मुलाचे कर्तव्यच आहे. जुन्या शहरात परवान्याशिवाय गाड्यांना मज्जाव आहे आणि वेशीवर कॅमेरे आहेत, असे फलक लागतील. ते इटालियन भाषेत असल्याने आपल्यासाठी नाहीत असे मानावे. पहिल्या फेरीत वाट चुकेल, म्हणून दुसरी फेरी मारावी. काही महिन्यांनी दंडाची पत्रे पुण्याच्या पत्त्यावर येतील, फेरीगणिक एक. ती फाडून टाकू नयेत, कारण त्यांत रस्त्याचे नाव, तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ छापलेली असते, आणि त्या दिवशी आपण फ्लोरेन्समध्ये नेमके कोठे होतो, हे कुटुंबातल्या दुसऱ्या कोणालाही इतक्या खात्रीने सांगता येणार नाही.