मेलेल्या सुताराची हत्यारं स्वस्तात कशी पटकवावीत

एखाद्या घरातला सुतार वारला की त्याचे रंधे, पटाश्या, करवती, गिरमिटं सगळी एकदम पोरकी होतात आणि तुमच्यासारख्या चोखंदळ गिऱ्हाइकाचे दिवस येतात. पुण्याच्या बोहरी आळीत नवं हत्यार घ्यायला गेलात तर दुकानदार छापील किमतीवर बोट ठेवून उभा राहतो. मयताच्या घरी असं बोट ठेवणारं कुणी नसतं. असलीच तर त्याची बायको असते, नाहीतर माझ्यासारखी नोकरी करणारी मुलगी. अशा घरी कसं वागावं याचं मार्गदर्शन मराठीत कुठे सापडत नाही. माझे वडील, अण्णा, सुतार होते; ते गेल्यावर त्यांची हत्यारं विकायला काढल्यापासून या विषयातले एकेक अधिकारी पुरुष मला जवळून बघायला मिळाले. त्यांच्याकडून शिकले ते लोकहितार्थ पुढे देते.

जाहिरात वाचू नका. तिच्यात किंमत, माप, भाग, यायची वेळ सगळं लिहिलेलं असतं, म्हणूनच "प्राइस?" एवढाच मेसेज टाका. उत्तर आलं की "लास्ट?" टाका. त्याचंही उत्तर आलं की आठवडाभर गप्प बसा आणि मग रात्री साडेअकराला "अव्हेलेबल?".

फोन केलात तर पहिलं वाक्य ठरलेलं असावं: "घरात कुणी जेन्ट्स आहे का बोलायला?" बाईला हत्यारातलं काय कळणार! अण्णांना मुलगा नव्हता, त्यामुळे शाळा सुटली की धार लावायचं काम माझ्याकडे असायचं. पात्याचा उतार पंचवीस अंशांचा, टोकाची धार तिसाच्या आसपास, घासताना उलट्या बाजूला वळून आलेली लोखंडाची बारीक कोर सहाणेवर सपाट धरून मोडायची, आणि धार लागली की नाही ते मनगटावरचे केस काढून बघायचं. माझ्या एका हाताला दहावीपर्यंत केस नव्हते. पण हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून बिनधास्त शिकवा. "मॅडम, हा झिरीचा रंधा आहे, आता खाचा पाडायला राउटर मशिनं आली, याला कुणी विचारत नाही." मग मॅडमनी विचारावं, तुम्ही का विचारताय? त्यावर हसून विषय बदलायचा.

पटाशी मिलिमीटरमध्ये मागा. जुन्या पटाशीचं माप सुतात असतं, आठ सूत म्हणजे एक इंच, हे ज्याला माहीत नाही त्याने "प्रोफेशनल वापरासाठी हवंय" असं आवर्जून सांगावं.

आता भावाचं बघू. सगळ्यात सोपा मार्ग किलोचा. लोखंड ते लोखंड! अण्णांचा पाच नंबरचा स्टॅनले रंधा शेफील्डच्या कारखान्यातला आहे. तळ चौदा इंच, पातं दोन इंच, मागची मूठ अण्णांनी स्वतः शिसवीची बसवलेली. हा हातात घेऊन वरखाली करायचा आणि म्हणायचं, "दोनेक किलो भरेल." आमच्या गल्लीतला भंगारवाला हेच म्हणतो, पण तो तराजू घेऊन येतो आणि भंगारवाला म्हणूनच येतो. तुम्ही संग्राहक म्हणून या.

दांड्यावर मालकाची आद्याक्षरं कोरलेली दिसली तर लगेच नापसंती दाखवा. "नाव घातलंय, व्हॅल्यू गेली." साइटवर चार सुतारांची हत्यारं एका कोपऱ्यात पडलेली असतात आणि नाव नसलेली पटाशी संध्याकाळी दुसऱ्याच्या पिशवीतून घरी जाते, म्हणून नाव घालावं लागतं. तुमच्या पाहणीत या कारणाला जागा नाही. याच रंध्यावर कंपनीचं नाव ओतलेलं असतं, त्याने मात्र व्हॅल्यू वाढते.

जुन्या बाजाराचा हवाला द्या. बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेत हेच शंभराला मिळतं म्हणा. मिळत असेल तर तिथून का घेतलं नाहीत, असं विचारण्याइतकी उद्धट माणसं फार नसतात. मी आहे.

सरकारचाही हवाला चालतो. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, त्यात सुतार धरून अठरा व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. एका सद्गृहस्थांनी मला ही योजना सोफ्यावर बसून, चहा पिऊन, सविस्तर समजावली. तात्पर्य असं, की कारागिरांना सरकार नवी हत्यारं देतंय, तुमची जुनी कोण घेणार, म्हणून तीनशेत द्या. ते स्वतः बँकेतून निवृत्त झालेले होते.

पैसे द्यायची वेळ आली तर सैन्यात भरती व्हा. ही जुनी युक्ती आहे, पण अजून चालते. आपली पोस्टिंग लांबची आहे, सामान घ्यायला जवान येईल, पैसे मात्र आत्ताच पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. पण ज्या घरात नुकतंच तेरावं झालंय तिथलं डोकं ठिकाणावर नसतं, हे तुम्ही बरोबर हेरलेलं असतं. "जय हिंद, बहनजी" म्हणताना आवाज जरा जड ठेवा.

नातेवाइकांनी फोन करू नये. थेट येऊन "अण्णा मला द्यायचं म्हणाले होते" म्हणावं.

कॅफेवाल्यांसाठी वेगळी सूचना. करवत साफ करायला मनाई करा, कारण भिंतीवर "तसा लूक" लागतो. अण्णा पावसाळ्याआधी सगळं लोखंड तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायचे, त्यामुळे माझ्याकडच्या करवतींना गंज नाही, ही माझी मोठीच अडचण झाली. एका बाईंनी सुचवलं, गच्चीवर ठेवा ना एक पाऊस! ती करवत आजही कापते. तिचे दाते त्रिकोणी कानशीने पुन्हा पुन्हा घासता येतात. हल्ली मिळतात त्यातल्या बहुतेक करवतींचे दाते इतके कडक केलेले असतात की त्यांच्यावर कानस चालत नाही, बोथट झाली की टाकायची. तेव्हा कापणारी करवत भिंतीला खिळवा आणि टाकाऊ करवत सुताराला वापरू द्या. किंमत अर्थातच वजनावर. सोबत वडिलांचा एक फोटो आणि "थोडी स्टोरी" फुकटात मागा, फ्रेमखाली लावायला बरी दिसते.

खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडून, झेंडू वाहून, हळदकुंकू लावलेलं असताना आलात तर विचारा, "ही पण द्यायचीत ना?"

आता मुख्य मुद्दा, चाचणी. हत्यार घ्यायच्या आधी चालवून बघणं हा तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी लाकूड आपलं आपण आणावं. परवा आलेल्या साहेबांनी आणलं होतं. कुठल्याशा पाडलेल्या वाड्याच्या दाराची फळी, काळी पडलेली. मी म्हटलं, यात खिळे असतील, आधी बघून घ्या. साहेब म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं यातच आहे." कशात, ते सांगितलं नाही. रंधा उचलला. पातं किती बाहेर आहे ते बघायला रंधा उलटा करून तळावरून नजर टाकतात, तेवढीही तसदी घेतली नाही. पातं आतबाहेर करायचं मागचं चाक दोनचार वेळा असंच फिरवलं. लाकडाची रेघ कुठे चढते, कुठे उतरते, काही न बघता फळी जमिनीवर टाकली, एका पायाने दाबली आणि दिला रंधा ढकलून. सुतार हा आवाज भिंतीपलीकडून ओळखतो. खिळा होता. दिसत होता अहो! त्याच्याभोवती गंजाचं काळं वर्तुळ होतं, माझ्या शेजारच्या आठ वर्षांच्या पोरीला दाखवलं असतं तर तिने बोट ठेवलं असतं.

धारेला बरोबर मधोमध खाच पडली. साहेबांनी रंधा उलटा केला, आता केला, खाचेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "पातं खराब आहे, मॅडम. निम्म्यात करा."

निम्म्यात!

खाच काढायची म्हणजे काय करावं लागतं, माहीत आहे? खाचेवढीच जागा घासून चालत नाही. सगळं पातं, दोन इंच रुंदी, खाचेच्या तळापर्यंत खाली आणावं लागतं. घाईने ग्राइंडरला लावलं की टोक निळं पडतं, निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मग कितीही धार लावा, चार फळ्यांत बसते. म्हणून जरा टेकवायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा टेकवायचं, पुन्हा बुडवायचं. मग सहाण, आधी भरड बाजू, मग बारीक. मग कोर मोडायची. माझी अख्खी संध्याकाळ गेली आणि पात्याची लांबी गेली ती वेगळीच, ती काही परत येत नाही. अण्णांनी ते पातं इतकी वर्षं घासून घासून वापरलं, पण जेवढं लागेल तेवढंच घासलं. साहेबांनी एका धक्क्यात त्यातलं वर्षभराचं खाल्लं, चहा घेतला, आणि जिना उतरताना सांगून गेले, "विचार करा, असल्या पात्याला आता कुणी काही देणार नाही." असल्या! त्याला असलं कुणी केलं, साहेब? वीस वर्षं तुम्ही यात आहात म्हणे. कुणाच्या घरात आहात ते कळलं तर त्यांना सावध करता येईल.

तर तुम्हीही चाचणी अशीच घ्या. आधी मोडा, मग मोडलेल्याचा भाव करा. याहून स्वस्त काही पडत नाही.

नाही, आता पुरे. सरळच बोलते.

घासाघीस मला कळते, मी सुताराच्या घरात वाढलेय. मागच्या महिन्यात एक कारागीर आला, मूळचा राजस्थानचा, इकडे फर्निचरची कामं घेतो. त्याने सगळ्यात मोठा रंधा उचलला, तळाला गुण्याची, म्हणजे काटकोन मापायच्या हत्याराची, सरळ कड लावून उजेडाकडे धरला आणि फट दिसते का बघितलं. पातं काढून पाठ बघितली. लाकूड घट्ट धरणारा बाकाचा शिकंजा पूर्ण उघडून बंद केला आणि म्हणाला, आटे झिजलेत, शेवटी घसरतो. खरं होतं. मी शिकंज्याचे पैसे कमी केले, रंध्याचे त्याने कमी करायला सांगितले नाहीत. शिकंजा राहू दे म्हणाला, रंध्याचे पैसे दिले आणि गेला. भाव करायचा तर असा करा. वस्तू बघून करा. बाप मेलाय आणि पोरगी एकटी आहे एवढं बघून भाव करणाऱ्याला आमच्याकडे दुसरं नाव आहे, ते इथे लिहीत नाही.

आणि हे तुम्ही आज सुरू केलेलं नाही. अण्णा हयात होते तेव्हाही हेच केलंत. कामाचा भाव ठरला की हजार कमी. काम झालं की "शेवटचे पॉलिश झाल्यावर देतो". पॉलिश झालं की "पावसाळ्यात दार अडकतंय का बघू, मग देतो". ते दार अडकलं नाही, कारण लाकूड पावसात फुगणार हे धरून अण्णांनी चौकटीत अर्ध्या सुताची फट आधीच ठेवलेली होती. पैसे मात्र अडकले. त्यांच्या वहीत अजून तुमची नावं आहेत. मी त्यातल्या एकाला फोन केला तर म्हणाला, "अहो, ते गेले ना?" हो, गेले. तुमचं दार अजून नीट लागतंय ना? मग पैसे द्या.

मशीनच्या रंध्यावर पन्नास हजार घालवताना तुम्ही दुकानदाराला "लास्ट?" विचारत नाही. मॉलमध्ये पार्टिकल बोर्डाचं कपाट घेताना, जे पहिल्याच ओलीत तळाशी फुगतं, तुम्ही गपचूप कार्ड पुढे करता. मजुराच्या हाताचा आणि त्याच्या हत्याराचा विषय निघाला की तुमचा व्यवहारीपणा जागा होतो. याला हुशारी समजू नका. लाज वाटायला हवी.

पाच नंबरचा रंधा आता विकायचा नाही, विचारू नका. दोन सुतापासून आठ सुतापर्यंतच्या पटाश्या आहेत, धार लावलेल्या. दोन करवती, लाकूड तासायचा वाकस, गिरमिटं, लाकडी झिरीचा रंधा आणि तो शिकंजा आहे, आटे झिजलेले आहेत हे वर सांगितलंच आहे. किंमत जाहिरातीत लिहिलीय, तीच. आयटीआयला शिकणारी मुलं आली तर काय कमी करायचं ते मी बघीन, त्यांच्या वतीने बँकेतल्या काकांनी बोलू नये. रविवारी दहा ते एक. चाचणीला लाकूड माझं असेल. चहा मिळणार नाही. आधी पैसे, मग सामान, आणि पिशवी आपली आपण आणायची.